अंतर्देशीय प्रयोगशाळेतील खारे मत्स्यालय : शैवाल व वाळूची स्वच्छता

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या काठीच उभे राहिले. परभणी मात्र समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. येथे खाऱ्या पाण्याचे लहानसे पात्र ठेवावयाचे, तर सागरजल क्षारमिश्रणापासून तयार करावे लागते आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी स्थानिक पाण्याने भरून काढावे लागते. अशा पात्रात काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी लेप व वाळूवर तांबूस पापुद्रा दिसू लागतो. तो खरवडून काढणे हा उपाय नव्हे. शैवाल हा रोग नसून लक्षण होय.

रोगाचे मूळ बहुधा भरपाईच्या पाण्यात असते. बाष्पीभवनात केवळ शुद्ध पाणी उडून जाते. विरघळलेले सर्व पदार्थ मागे राहतात. शेतीप्रधान भागातील विहिरींच्या पाण्यात खते व मलमूत्र यांतून नायट्रेट उतरते, तर दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपताना त्यात सिलिका विरघळते. समजा, ५० लिटरांच्या पात्रातून उन्हाळ्यात रोज १ लिटर पाणी उडते आणि भरपाईच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा हीच. ३० दिवसांत १३५० मिलिग्रॅम, म्हणजे पात्राच्या दर लिटरमागे २७ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही मत्स्यालयास योग्य असतेच असे नाही. म्हणून भरपाईसाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

शैवालाच्या रंगावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. सोनेरी-तपकिरी लेप डायाटमांचा असतो. त्यांची कवचे सिलिकेची असल्याने सिलिका संपली की तो बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे तंतू वाढले, तर नायट्रेट, फॉस्फेट व प्रकाश यांचे आधिक्य समजावे. सहज सोलून निघणारा तांबूस, बुळबुळीत पापुद्रा नील-हरित शैवालांचा, म्हणजे खरे पाहता प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा, असतो. जेथे प्रवाह मंद असून सेंद्रिय गाळ साचतो, तेथे तो प्रथम दिसतो.

वाळूविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. ती घाण झाली म्हणून सर्व बाहेर काढून नळाच्या पाण्याने धुण्याची पद्धत घातक होय. वाळूच्या कणांवर राहणारे जीवाणू प्राण्यांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जीवाणू नष्ट झाले की अमोनिया साचू लागतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या पात्रातच मासे मरतात. उलट वाळू कधीच न हलविल्यास खोल थरांतील प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होते; काळे डाग व कुजक्या अंड्यांसारखा वास ही त्याची खूण.

म्हणून मध्यम मार्ग असा : वाळूचा थर २ ते ३ सेंटिमीटरच ठेवावा. दर आठवड्यास तिचा एक-तृतीयांश भाग नळीने वरवर शोषून घ्यावा व त्याच वेळी पात्रातील सुमारे १० टक्के पाणी बदलावे. नवे सागरजल लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम लवणतेचे असावे. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. दिवा ८ तासांहून अधिक ठेवू नये आणि पात्र खिडकीच्या उन्हात ठेवू नये. तापमान ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात वातन विशेष काळजीने चालू ठेवावे, कारण उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

या सर्वांचा संबंध केवळ पात्राच्या शोभेशी नाही. ज्या पात्रातील लवणता, अमोनिया व नायट्रेट यांची नियमित नोंद नाही, त्यातील प्राण्यांच्या वर्तनावरून वा वाढीवरून काढलेले निष्कर्ष विश्वसनीय मानता येत नाहीत. प्राण्यात दिसलेला बदल प्रयोगामुळे झाला की पाण्यामुळे, हे सांगण्यास मग काहीच आधार उरत नाही. म्हणून संशोधकाने खरवडणीच्या आधी नोंदवही हाती घ्यावी.