विलीनीकरण कागदावर आणि मनात

अंबरनाथ-बदलापूरकरांना विलीनीकरण नवे नाही. ही दोन्ही शहरे १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत समाविष्ट झाली आणि १९९२ मध्ये बाहेर पडून स्वतंत्र नगरपालिका झाली. मोठ्या कंपन्यांना असे माघारी फिरणे सहसा जमत नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे एकत्रीकरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या दोन्ही सरकारी कंपन्या १९५३ च्या राष्ट्रीयीकरणातून आकाराला आल्या. एअर इंडियाकडे परदेशी मार्ग आणि मुख्यत्वे बोइंग विमाने, तर इंडियन एअरलाइन्सकडे प्रामुख्याने देशांतर्गत मार्ग आणि एअरबस विमाने होती. अर्धशतकात दोघींचे वेतनाचे नियम, बढतीची शिडी आणि वैमानिक संघटना स्वतंत्रपणे घडल्या. 'कंपनीची संस्कृती' म्हणतात ती अशाच रुळलेल्या नियमांतून आणि त्यांच्याशी जडलेल्या हक्कांच्या भावनेतून तयार होते.

२००७ मध्ये दोन्ही कंपन्या कागदोपत्री एक झाल्या. परंतु उड्डाणांचे संकेतांकदेखील २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत वेगळेच राहिले. त्याच वर्षी पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांनी आंदोलन पुकारले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार, हा त्यांचा आक्षेप होता. हे आंदोलन ५८ दिवस चालले आणि त्याची झळ प्रवाशांना बसली.

वेतन आणि सेवाज्येष्ठतेचा मेळ घालण्यासाठी न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. खरी चूक येथेच होती. जो प्रश्न आधी सुटायला हवा होता, तो शेवटी हाती घेतला गेला.

खासगी व्यवस्थापनालाही हा प्रश्न चुकला नाही. टाटा समूहाने २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली. त्यानंतर विस्ताराच्या विलीनीकरणाची तयारी सुरू असताना वैमानिकांच्या हमीच्या वेतनाचे तास ७० वरून ४० करण्यात आले. नाराजी उफाळली आणि एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराला उड्डाणे कमी करावी लागली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले.

दोन कंपन्यांचे ताळेबंद ठरलेल्या तारखेला जोडता येतात. दोन ज्येष्ठता याद्या जोडताना मात्र प्रत्येक नावामागे एका माणसाची उमेदीची वर्षे असतात. त्यांचा हिशेब कराराआधीच मांडलेला बरा.