कंडोम, एचआयव्ही आणि चर्च

कंडोमबाबत सगळ्या ख्रिस्ती चर्चचे मत एक नाही. कॅथलिकांचा विरोध तर एड्सच्याही आधीचा आहे. पोप सहावे पॉल यांनी जुलै १९६८मध्ये ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकातून संततिनियमनाची कृत्रिम साधने निषिद्ध ठरवली. योगायोग असा, की भारत सरकारचा ‘निरोध’ही त्याच वर्षी बाजारात आला. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले १९८६मध्ये, मद्रासला. म्हणजे मूळ आक्षेप गर्भधारणा टाळण्याला होता. रोगाचा प्रश्न नंतर त्याला येऊन चिकटला.

प्रोटेस्टंटांची वाट वेगळी. अँग्लिकन बिशपांनी १९३०च्या लॅम्बेथ परिषदेतच विवाहितांना मर्यादित मुभा दिली होती. बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या आसपास, मलकापूर-बुलडाणा-खामगाव पट्ट्यात, ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने उभारलेल्या मंडळ्या प्रोटेस्टंटच. प्रोटेस्टंटांत नवरा-बायकोने साधन वापरण्यावर सहसा बंदी नसते. आक्षेप असतो तो विवाहबाह्य संबंधांना. त्यामुळे उपदेशाचा भर संयम आणि निष्ठेवर राहतो. पण नवऱ्याने बाहेरून संसर्ग आणला, तर बायकोची निष्ठा तिला वाचवत नाही. या उपदेशातली ही उणीव उघड आहे.

संयमावरचा हाच भर पैशाच्या वाटेने महाराष्ट्रातही पोहोचला. अमेरिकेच्या २००३च्या एड्स-मदत कायद्यात, धार्मिक परंपरावाद्यांच्या आग्रहाने, प्रतिबंधाच्या निधीतला तिसरा हिस्सा विवाहापर्यंतच्या संयमाच्या प्रचारासाठी राखला गेला. मदत घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाला विरोध लेखी जाहीर करावा, अशीही अट होती. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमार्फतच कंडोम वाटणाऱ्या सांगलीच्या ‘संग्राम’ने ती नाकारली आणि २००५मध्ये निधी परत केला.

कॅथलिक भूमिकाही जागच्या जागी राहिली नाही. कंडोमने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, असे पोप सोळावे बेनेडिक्ट मार्च २००९मध्ये आफ्रिकेला जाताना म्हणाले आणि जगभर टीका झाली. पुढच्याच वर्षी पत्रकार पेटर झेवाल्ड यांना दिलेल्या मुलाखतीत, वेश्याव्यवसायातल्या पुरुषाने संसर्ग टाळण्यासाठी कंडोम वापरणे हे जबाबदारीच्या जाणिवेचे पहिले पाऊल असू शकते, असे त्यांनी मान्य केले. बंदी मात्र उठली नाही. एकाला लागण असलेल्या जोडप्यांविषयी कॅथलिक नीतितज्ज्ञांत मतभेद उरलेच.

भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००५मध्ये एचआयव्हीविषयक धोरण जाहीर केले. त्यात कंडोमच्या प्रचाराला जागा नाही. चर्चच्या दवाखान्यांत रुग्णांना भेदभावाविना सेवा मिळावी, यावर जोर आहे. उपचारांची बाजूही बदलली: सरकारी केंद्रांतून एचआयव्हीला आवर घालणारी एआरटी औषधे मोफत मिळू लागली ती २००४पासून. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. एकालाच लागण असलेल्या जोडप्यांपुरता तरी कंडोमचा जुना पेच त्यामुळे बराच सैल झाला आहे.