कवडसे टिपणारा स्फटिक

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील गाव. तेथील वैशाखातील दुपार मोठी कडक असते. बाहेर ऊन रणरणत असते आणि जुन्या पत्र्याच्या छिद्रांतून सारवलेल्या जमिनीवर कवडसे उतरतात. सूर्य पश्चिमेकडे कलू लागला की कवडसे पूर्वेकडे सरकतात. चाणाक्ष मुलगा घराबाहेर न डोकावता, नुसत्या कवडशावरून सूर्य कोठवर आला ते सांगू शकतो.

परंतु मुलांनो, जो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे कवडसे कसे टिपावेत? हात मोडला असता डॉक्टर ज्या किरणांनी हाडाचे चित्र घेतात, ते क्ष-किरण म्हणजे असाच अदृश्य प्रकाश होय. आकाशातील कित्येक ज्योतींपासून हे किरण निघत असतात. आपल्या पृथ्वीचे वातावरण त्यांना वरच्या वर अडविते. त्यामुळे आपले रक्षण होते हे खरे. पण ते किरण अभ्यासावयाचे तर वातावरणाच्या पलीकडे जावे लागते.

त्यासाठी 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोटा येथून भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सुमारे 650 किलोमीटर उंचीवर पाठविण्यात आला. त्यावरील एक उपकरण घडविण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अग्रेसर होती. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्राचाही त्यात मोठा वाटा होता. एकदा वर गेलेले असे उपकरण बिघडले तर तेथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून किरण टिपण्यासाठी कोणता पदार्थ निवडावा, या एका प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून होते. निवड झाली ती कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाची.

टेल्युरियम या मूलद्रव्याचा शोध 1782 मध्ये लागला. भूकवचात ते सोन्यासारखेच दुर्मिळ आहे. ते थोडेसे जरी शरीरात गेले तरी माणसाच्या श्वासाला लसणासारखा उग्र वास येतो! धातूशी त्याचा संयोग झाला की जे संयुग बनते, त्याला टेल्युराइड म्हणतात. आपल्या स्फटिकात टेल्युरियमच्या जोडीला कॅडमियम असते आणि साधारणतः दर दहा कॅडमियम अणूंपैकी एकाच्या जागी झिंकचा, म्हणजे जस्ताचा, अणू बसविलेला असतो.

हा स्फटिक काळसर व चकचकीत दिसतो. तो पाण्याच्या पावणेसहापट जड असून इतका ठिसूळ असतो की हातून पडला तर त्याचे तुकडे व्हावयाचे. तो सुमारे 1,100 अंश सेल्सिअस तापमानाला वितळतो. पाण्यात तो विरघळत नाही. तीव्र नायट्रिक आम्ल मात्र त्याचे विघटन करते. त्यातील कॅडमियम विषारी असल्यामुळे त्याची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून फार जपावे लागते.

असा ठिसूळ आणि विषारी पदार्थ का बरे निवडला? त्याच्या अंगी दोन मोलाचे गुण आहेत. पहिला गुण असा की, त्याचे अणू जड आहेत. क्ष-किरण मांसातून सहज आरपार जातात आणि हाडाशी अधिक अडतात. याचे कारण हाडातील कॅल्शियमचे अणू अधिक जड असतात. टेल्युरियम व कॅडमियम यांचे अणू तर कॅल्शियमपेक्षाही पुष्कळ जड. म्हणून अवघ्या 5 मिलिमीटर जाडीचा स्फटिकही हे किरण पकडतो.

दुसरा गुण विद्युत्‌वहनाचा. तांब्यातून वीज सदैव वाहू शकते. तेथे एका किरणाने उत्पन्न केलेली वीज कळणार नाही. ढोल वाजत असता कोणाची कुजबुज ऐकू येते काय? काचेत उलट अडचण. तिच्यात सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत. आपला स्फटिक या दोहोंच्या मधला, अर्धवाहक आहे. किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, विद्युत्‌दाबामुळे ते कडेला ओढले जातात आणि क्षणभर विजेचा सूक्ष्म झटका उमटतो. त्याच्या लहानमोठेपणावरून किरणाची ऊर्जा समजते. जर्मेनियम हाही अर्धवाहकच आहे. पण नुसत्या उष्णतेनेही त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून त्याला द्रवरूप नायट्रोजनाने अतिशय थंड ठेवावे लागते. आपला स्फटिक साध्या तापमानातही काम करतो. अंतराळात ही केवढी सोय!

उपकरणात अशा स्फटिकांच्या 64 चौरस फरश्या बसविल्या आहेत. प्रत्येकीचे 256 भाग, म्हणजे एकंदर 16,384 सूक्ष्म डोळे झाले. त्यांच्या वर टँटलम धातूचा सच्छिद्र पडदा आहे. किरण या छिद्रांतून खाली येतात आणि स्फटिकांवर त्यांचे कवडसे पडतात. कोणत्या भागावर किरण पडले आणि कोणत्या भागावर छाया पडली, हे पाहून किरण आकाशाच्या कोणत्या दिशेने आले ते गणिताने काढता येते. आपल्या पत्र्याची आणि कवडशाचीच ही युक्ती नव्हे काय?

वृषभ राशीत एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. तो स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो. त्याच्या क्ष-किरणांचा या स्फटिकांनी केलेला अभ्यास 2017 मध्ये जगापुढे आला. पाच वर्षांसाठी योजिलेल्या या उपग्रहाने 2025 मध्ये दहा वर्षे पूर्ण केली.

नुसते रूप पाहिले असते तर या काळ्या, ठिसूळ तुकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु ज्यांनी त्याचे दोष जाणून त्याला जपले आणि गुण जाणून योग्य कामी लावले, त्यांना त्याने अदृश्य आकाश दाखविले. मुलांनो, पुढच्या वेळी घरात कवडसा दिसला की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : हा प्रकाश कोठून आला?