घरी बांधलेल्या मोटारगाडीतील एंजिनाचे अर्थिंग

मोटारगाडीतील दिव्यास अथवा भोंग्यास बॅटरीकडून येणारी बहुधा एकच तार दिसते. विद्युत्प्रवाहाच्या परतीचा मार्ग गाडीचा धातूचा सांगाडा पुरवितो. बॅटरीचे ऋणाग्र या सांगाड्यास जोडलेले असते व त्या जोडणीस अर्थिंग असे म्हणतात. नाव असे असले तरी भूमीशी तिचा संबंध नाही. रबरी चाकांवर उभी असलेली गाडी भूमीपासून विलगच असते.

कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या गाडीत ही व्यवस्था निर्मात्यानेच केलेली असते. सुट्या भागांच्या संचातून घरी बांधलेल्या गाडीत मात्र ती बांधणाऱ्याने स्वतः करावयाची असते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची परंपरा जुनी असून १९५७ साली पुढे आलेली ‘लोटस सेव्हन’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. संपूर्ण गाडीवरील खरेदी-कर अशा संचावर लागत नसे, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण होते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला व ही सवलत संपली. तथापि त्याच वर्षी तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि संच विकण्याची प्रथा टिकून राहिली.

अशा अनेक गाड्यांचे बाह्यांग काचतंतूचे असते. त्यातून प्रवाह वाहत नाही. सांगाड्याच्या पोलादी नळ्यांवर रंगाचा जाड थर असतो. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असते. परिणामी विद्युत्-दृष्ट्या एंजिन हे एक बेट ठरते. उलट, गाडीतील सर्वांत मोठा प्रवाह घेणारा स्टार्टर याच बेटावर असतो. एंजिन फिरविताना तो १५० ते २०० अँपिअर प्रवाह सहज घेतो, आणि तो सर्व एंजिनाच्या ठोकळ्यातून बॅटरीकडे परतला पाहिजे.

येथे अल्प रोधही महाग पडतो. रंग वा गंज यांमुळे जोडात केवळ ०.०१ ओहम रोध राहिला, तर २०० अँपिअर प्रवाहास तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात. स्टार्टर मंद फिरतो, आणि नव्या बॅटरीवर उगाच दोष येतो. याच मार्गाने आल्टर्नेटरचा प्रवाहही जात असल्यामुळे बॅटरी पूर्ण भारित होत नाही.

याहून गंभीर धोका निराळाच आहे. योग्य मार्ग नसल्यास प्रवाह एंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या अन्य धातूतून वाट काढतो. थ्रॉटलची पोलादी तार हा असाच एक दुवा होय. दीड मिलिमीटर व्यासाच्या व एक मीटर लांबीच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.०८ ओहम असतो. तिच्यातून ५० अँपिअर प्रवाह गेला तरी सुमारे २०० वॉट उष्णता निर्माण होते. तिचे प्लॅस्टिकचे आवरण वितळून तार आतच चिकटू शकते. थ्रॉटल उघडा असताना ती अडकली, तर पायदान सोडूनही एंजिनाचा वेग उतरत नाही.

उपाय मात्र सोपा आहे. २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर लांब तांब्याच्या तारेत २०० अँपिअर प्रवाहास सुमारे ०.१४ व्होल्टच खर्च होतात. अशी एक जाड तार बॅटरीच्या ऋणाग्रापासून थेट एंजिनाच्या वा गिअरपेटीच्या धातूस जोडावी आणि दुसरा पट्टा एंजिन व सांगाडा यांमध्ये बसवावा. एंजिन आधारांवर हलते. म्हणून पट्टा विणलेला, लवचीक व किंचित सैल असावा. जोडाच्या जागेवरील रंग धातू चमकेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा व गंज टाळण्यासाठी वरून ग्रीज लावावे. काचतंतूवर बसविलेल्या प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार द्यावी.

काम झाल्यावर त्याची परीक्षा करावी. एंजिन सुरू होणार नाही अशी तजवीज करून व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋणाग्रावर व दुसरे एंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे आणि स्टार्टर फिरवावा. काटा ०.२ व्होल्टच्या आसपास राहिल्यास जोडणी उत्तम समजावी, ०.५ व्होल्टच्या वर गेल्यास दोष आहे. मग दुसरे टोक एकेका जोडावरून पुढे नेत जावे. जेथे काटा एकदम उडी घेतो, तोच सदोष जोड होय. रोधमापकाने ही परीक्षा होत नाही, कारण त्याच्या क्षीण प्रवाहास तारेचा एक शाबूत धागाही पुरतो. स्टार्टरला तो पुरत नाही.