कृषिपंपाची केबल आणि विद्युत रोध

उन्हाळी हंगामात पाण्याची गरज सर्वाधिक असतानाच कृषिपंपांच्या मोटारी जळण्याचे प्रमाण वाढते. त्याचा दोष बहुधा कमी दाबाच्या वीजपुरवठ्यास दिला जातो. तथापि पुरवठ्यातील दाबाचा काही भाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या केबलमध्येही खर्ची पडतो. याचे कारण वाहकाचा विद्युत रोध होय.

वाहकाचा रोध चार बाबींवर अवलंबून असतो : लांबी, काटछेदाचे क्षेत्रफळ, धातू आणि तापमान. लांबी दुप्पट झाल्यास रोध दुप्पट होतो. क्षेत्रफळ दुप्पट केल्यास तो निम्मा होतो. समान आकारमानाच्या तांब्याच्या तारेपेक्षा ॲल्युमिनिअमच्या तारेचा रोध सुमारे १.६ पट असतो. तांब्याचे तापमान २० वरून ६० अंश सेल्सिअस झाल्यास रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून उन्हात उघडी पडलेली केबल अधिक दाब खाते.

उदाहरणार्थ, ५ अश्वशक्तीचा त्रिफेज पंप सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेतो. स्टार्टरपासून मोटारीपर्यंत ३०० मीटर तांब्याची २.५ चौ. मि.मी. केबल असल्यास सुमारे २३ व्होल्ट दाब घटतो, ४ चौ. मि.मी. केबलमध्ये ही घट सुमारे १४ व्होल्ट राहते. केबलमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीजही सुमारे ४०० वॅटवरून २५० वॅटवर येते. ॲल्युमिनिअमच्या २.५ चौ. मि.मी. केबलमध्ये मात्र घट ३७ व्होल्टपर्यंत जाते. तांब्याच्या २.५ ऐवजी ॲल्युमिनिअम वापरायचे असल्यास किमान ४ चौ. मि.मी. केबल घ्यावी लागते.

दाब १० टक्क्यांनी घटल्यास मोटारीचा फिरविण्याचा जोर सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतो. तेवढेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते, तापते आणि अखेरीस तिचे वाइंडिंग जळते.

महाराष्ट्रात २०१८ पासून राबविलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीमागेही हेच तत्त्व आहे. एका रोहित्रावर एक किंवा दोनच पंप जोडून लघुदाब वाहिनीची लांबी कमी केली जाते. उर्वरित अंतरात वीज ११ हजार व्होल्टने वाहत असल्याने प्रवाह अल्प राहतो व हानी घटते.

सदोष जोडांकडेही दुर्लक्ष होऊ नये. पीळ देऊन पट्टी गुंडाळलेल्या जोडात धातूंचा प्रत्यक्ष स्पर्श थोड्याच भागात होतो. त्यामुळे तेथील रोध वाढून जोड तापतो. तांबे व ॲल्युमिनिअम जोडताना दोन्ही धातूंसाठी बनविलेले लग वापरावेत.

निदानासाठी पंप बंद असताना व चालू असताना स्टार्टरवरील दाब जाणकार वीजतंत्रीकडून मोजून घ्यावा. फरक मोठा असल्यास रोहित्राकडील वाहिनी व जोड तपासावेत. फरक अल्प असूनही मोटार तापत असल्यास पुढील केबलची लांबी व जाडी पडताळावी. नवीन केबल घेताना केवळ अश्वशक्ती न सांगता स्टार्टरपासून मोटारीपर्यंतचे एकूण अंतर, विंधन विहिरीच्या खोलीसह, विक्रेत्यास अवश्य सांगावे.