विरजणाचा ठसा

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी त्याचे दही झालेले असते. हे काम डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू करतात. दुधातील साखरेपासून ते आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लाने दूध घट्ट होते. ज्वारीच्या पिठाची आंबील आंबते तीही अशाच जंतूंमुळे. जंतू म्हणजे रोग, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. मनुष्याच्या आतड्यांत असंख्य जंतू वास करतात. त्यांतील पुष्कळ जंतू पचनास साहाय्य करतात आणि घातक जंतूंना तेथे सहजासहजी पाय रोवू देत नाहीत.

बालक जन्मास येताच त्याच्या आतड्यात ही वस्ती होऊ लागते. घातक जंतू प्रबळ होऊन रक्तात शिरले, तर त्यास जंतुदोष होतो. पहिल्या महिन्यात हा दोष फार लवकर प्राण घेतो. गडचिरोलीच्या वनप्रदेशातील दूरदूरच्या खेड्यांत वेळेवर डॉक्टर मिळणे कठीण. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. बालकास ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावीत, प्रसंगी इंजेक्शन कसे द्यावे, हे गावातल्याच स्त्रिया शिकल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हा वृत्तान्त १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

परंतु जंतुदोष होऊच नये, असे काही करता येईल का? ओडिशातील खेड्यांत हा प्रश्न ४,५५६ बालकांच्या साहाय्याने तपासण्यात आला. काही बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम या उपकारक जंतूची मात्रा, त्या जंतूच्या खाद्यासह, देण्यात आली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या बालकांत जंतुदोष व मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटले. ही बालके पुरेशा वजनाची होती, आणि एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीत असतोच असे नाही. तेव्हा अशी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही देऊ नये.

आता अडचण वाहतुकीची. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४६ अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की कित्येक गावांचे रस्ते बंद होतात. अशा प्रवासात जिवंत जंतू टिकावेत कसे?

वाढदिवसाच्या केकवर छापलेले रंगीत चित्र पुष्कळ मुलांनी पाहिले असेल. पिठासारख्या पदार्थाच्या पातळ कागदावर ते खाद्य शाईने छापलेले असते. शास्त्रज्ञांनी शाईऐवजी जंतू मिसळलेला द्रव वापरून पाहिला. छपाईयंत्राच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याचे थेंब कागदावर पडतात. जंतूची लांबी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच असल्याने तो त्या छिद्रातून सुखरूप निसटतो. थेंब इतके बारीक की ते फारशा उष्णतेवाचून वाळतात. शिवाय थेंब मोजता येत असल्याने प्रत्येक तुकड्यावर सारखीच मात्रा बसविता येते; पूड चमच्याने घेताना हा नेमकेपणा राहत नाही.

मात्र वाळताना जंतूच्या शरीरातील पाणी निघून जाते व त्याचे नाजूक आवरण फाटू शकते. म्हणून द्रवात दुधाचे घटक किंवा विशिष्ट शर्करा मिसळतात. पाण्याची जागा काही अंशी त्या घेतात. वाळलेला जंतू जणू निद्रिस्त होतो व ओलावा मिळताच पुन्हा जागा होतो. इतके करूनही पुष्कळ जंतू मरतातच. तान्ह्या बालकास कागद चघळता येणार नाही. त्याच्यासाठी तो द्रवात पूर्ण विरघळणारा करावा लागेल. आणि श्रावणातील दमट हवा त्यास लागली, तर जंतू अकाली जागे होऊन नाश पावतील. म्हणून असा प्रत्येक तुकडा स्वतंत्र, हवाबंद पाकिटात ठेवावा लागतो आणि पाकीट फोडताच वापरावा लागतो.