२१ ऑक्टोबरचे दोन हार

कॅलेंडरवर आपण बायका काय काय लिहीत असतो! दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, भिशीचा हप्ता. २१ ऑक्टोबरच्या चौकोनात मात्र मी काही लिहीत नाही. तो आधीच भरलेला आहे.

१८५८ साली याच दिवशी चंद्रपूरच्या तुरुंगात वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं. वय अवघं पंचवीस. मोलमपल्लीचा हा गोंड जमीनदार. जंगोम दल उभारून राजगड घेतलं. एप्रिलमध्ये तार खात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले, तेव्हा कॅप्टन क्रिक्टन हात धुऊन मागे लागला. सप्टेंबरात पकडून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. त्यांना फितूर म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजांनी त्यांना धाक घातला होता असं सांगतात. बक्षीस मिळालं हेही खरं. मला अजून त्या बाईचा निवाडा करता आलेला नाही.

त्याच तारखेला १९४३ मध्ये नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन केलं. माझा भाचा लगेच अमेरिकेतल्या एडिसनच्या १८७९ च्या दिव्याची आठवण करून देतो. असो.

१९५९ च्या २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान गेले. म्हणून हा पोलीस स्मृतिदिन. आमच्याकडे लडाख दूर वाटत नाही. लाहेरीला ८ ऑक्टोबर २००९ रोजी सतरा पोलीस गेले. जांभुळखेड्याला २०१९ च्या महाराष्ट्र दिनी पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक. नक्षलवाद्यांशी लढायला सी-६० पथकात घेतलेली पोरं इथल्याच गावांतली, कितीतरी आदिवासी घरांतली. बंदूक घेऊन समोर उभी राहिलेलीही कितीदा तशाच घरांतली.

आमच्या बचत गटात एक गोंड बाई आहे. नवरा पोलिसात होता, चकमकीत गेला. चंद्रपुरात सकाळी परेड, आणि कारागृहातल्या पिंपळाखाली शेडमाकेंना मानवंदना. मागं एकदा आदल्या दिवशी तिनं विचारलं, “ताई, पयले कुठं जाऊ जी?”

मला उत्तर सुचेना. म्हटलं, परेडची वेळ ठरलेली असते, आधी तिकडे जा. पिंपळाकडे मी येते तुझ्यासोबत.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. तिनं झेंडूचे दोन हार घेतले, अगदी सारखे, आणि ओल्या फडक्यात एकत्रच गुंडाळून ठेवले.